धुराची काडतुसं

आमच्या काकूला एक सवत होती. लोखंडाची, लाकडी मुठीची, आणि वर्षातले बरेचसे दिवस कपाटात कुलपाआड राहणारी. तिला सवत हे नाव काकूनेच दिलं होतं. "आधी तिला पुसून ठेवा, मग जेवायला या," असं ती काकांना म्हणायची, आणि काका खरंच आधी तिला पुसून ठेवायचे.

ही सवत म्हणजे काकांचं रिव्हॉल्व्हर. दचकायचं कारण नाही. काकांनी उभ्या आयुष्यात चिमणीवरसुद्धा नेम धरलेला नाही. ते शाळेत ड्रिलमास्तर होते आणि मैदानावरच्या शर्यती सुरू करून द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. स्टार्टर म्हणतात त्याला. "ऑन युवर मार्क्स" म्हणायचं, "सेट" म्हणायचं, हात वर करून बार काढायचा आणि पोरं सुटली की बाजूला व्हायचं. काडतुसं बिनगोळीची, आत नुसती दारू. त्यांच्या आधीच्या स्टार्टरने निवृत्त होताना हे रिव्हॉल्व्हर त्यांच्या हाती सोपवलं होतं. जुन्या धाटणीचं, सिंगल अ‍ॅक्शन. म्हणजे दर बाराआधी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, तो कट्‌ करून अडकला की मगच चाप दाबायचा. नुसता चाप दाबत बसलात तर संध्याकाळ होईल पण बार होणार नाही. त्याचं लायसन्स दर वेळी नवं करायला काका इस्त्रीचा शर्ट घालून जायचे, जणू मुलगी बघायला निघालेत.

शर्यतीच्या दुसऱ्या टोकाला, तीन पायऱ्यांच्या लाकडी घडवंचीवर, सगळ्यात वरच्या पायरीवर काकू उभी असायची. हातात स्टॉपवॉच. ती मूळची नर्स. कुठल्याशा वर्षी स्पर्धेत मलमपट्टीची पेटी घेऊन बसली होती, त्या दिवशी वेळ घेणारा एक मास्तर आला नाही, आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ फक्त हिच्या मनगटावर होतं. काकांनी तिला पायरीवर चढवलं आणि सांगितलं, "आवाजाकडे लक्ष द्यायचं नाही. माझ्या हातातून धूर निघेल, तो दिसला की घड्याळ सुरू करायचं." कारण आवाज तेवढं अंतर चालून यायला वेळ घेतो, धूर तिथल्या तिथे दिसतो. बाकीचे वेळ घेणारे मान डोलावतात आणि शेवटी आवाजावरच बटण दाबतात. काकूने ते वाक्य वेदवाक्य मानलं. तिच्या घड्याळात पोरांची वेळ नेहमी बाकीच्यांपेक्षा थोडी जास्त यायची, म्हणून पोरं तिला कंजूष म्हणायची. त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. काका म्हणतात, हिने माझ्याकडे इतकं टक लावून बघितलं की मला दुसरा अर्थच लावता आला नाही.

आता गंमत बघा. उभा जन्म कानाशी बार उडवले काकांनी, आणि ऐकू यायचं बंद झालं काकूला. हळूहळू झालं. आधी दारावरची घंटा गेली, मग फोन, मग मी. मी तशी हळू बोलणाऱ्यातली नाही, पण पाठमोऱ्या काकूला हाक मारून मारून घसा बसायला लागला तेव्हा आमच्या लक्षात आलं. डॉक्टरने कानात घालायचं यंत्र दिलं. घरात ती ते कधीमधी लावायची. मैदानावर त्यात वारा असा घोंघावायचा की तिने ते चष्म्याच्या डबीत टाकलं ते टाकलंच. समोरच्याच्या ओठांवरून तिला बरंचसं कळायचं. न कळलेल्या ठिकाणी ती हसायची, आणि तिचं हसणं इतकं चांगलं आहे की लोकांचं काम भागायचं.

हे फक्त काकांना आणि मला ठाऊक होतं. मैदानावर कुणालाही नाही. आणि तिथे कळायचं कारणही नव्हतं, कारण पायरीवर कुणी कुणाशी बोलत नाही. धूर दिसतो, बटण दाबायचं. पोरगं फितीला लागतं, बटण दाबायचं. घरी, बाजारात, लग्नकार्यात काकू चाचपडायची. मैदानावर ती पूर्वी होती तशीच होती. त्या पायरीवर तिची मान ताठ असायची. मला ते बघून बरं वाटायचं आणि थोडं रडूही यायचं, पण ते आपलं आपल्याजवळ.

गेल्या वर्षी या शर्यती भरवणाऱ्या क्लबला नवा सेक्रेटरी मिळाला. पोरगा चांगला, उत्साही, काकांच्याच हाताखाली धावलेला. त्याने शर्यती सुरू करायचं विजेचं यंत्र आणलं. डबा आणि कर्णा. बटण दाबलं की भोंगा. डब्यावर एक दिवा होता म्हणायला, पण उन्हात तो जवळूनही दिसत नव्हता, मग शंभर मीटरवरून कसला दिसतोय. भोंग्याला धूर नाही. धूर नाही म्हणजे काकूचं घड्याळ नाही, आणि काकूचं घड्याळ नाही म्हणजे काकू पाहुण्यांच्या खुर्चीत, हार घालून, हसत. हे काकांना एका क्षणात कळलं. त्यांनी सेक्रेटरीला सांगितलं की माझं रिव्हॉल्व्हर चालू आहे तोवर डबा झाकून ठेव. तो म्हणाला, "काका, चालू असेल तोवर ठेवतो. वार्षिक स्पर्धेपर्यंत बघू."

आणि त्याच आठवड्यात, सरावाच्या वेळी, रिव्हॉल्व्हर बंद पडलं. काकांनी घोडा ओढला, तो अडकेना. सोडला की सुटायचा. पुन्हा ओढला, पुन्हा सुटला. पोरं 'सेट'मध्ये ढुंगण वर करून ताटकळली, मग एकेक करून हसत उठली. पलीकडे काकू तशीच डोळ्यांत तेल घालून बघत उभी होती.

मी झेंड्याचं सुचवून पाहिलं. घरी, जेवताना, काकूच्या तोंडासमोर तोंड नेऊन. "काका भोंगा वाजवतील आणि त्याच वेळी झेंडा खाली करतील. तू झेंडा बघ."

काकूने घास खाली ठेवला. "झेंडा हलला तेव्हा बटण दाबायचं, की थांबला तेव्हा? पोरगं वर्षभर राबतं एवढ्याशा वेळेसाठी. त्याच्या वेळेशी मी असला खेळ करायची नाही. त्यापेक्षा घरी बसेन."

"घरी नाही बसायचं," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुझी गाडी रिकामी आहे का गं?"

माझी गाडी रिकामी नव्हती, मीही नव्हते, पण निघालो. रिव्हॉल्व्हर पेटीत, लायसन्स खिशात. पहिलं दुकान मोठं, काचेच्या कपाटांचं. तिथला माणूस ते हातात घेऊन इतका खूश झाला की मला आशा वाटली. म्हणाला, "भिंतीवर काय दिसेल हे! काचेच्या चौकटीत, मागे मखमल." काकांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, याच्या स्प्रिंगा आता कुणी बनवत नाही. तिसऱ्या ठिकाणी एक कुलूपवाला निघाला, त्याने प्रामाणिकपणे कानावर हात ठेवले आणि आम्हाला पाणी दिलं. चौथ्या ठिकाणी दुकानच नव्हतं, तिथे आता केस कापतात. आमच्या नाकी नऊ आले. संध्याकाळी घरी आलो की काकू दारातच आमची तोंडं वाचायची. तिला तेव्हा कानांची गरजच पडायची नाही.

शेवटी त्या कुलूपवाल्यानेच निरोप पाठवला. त्याच्या माहितीत एक जुना कारागीर होता, बंदुका दुरुस्त करणारा. दुकान बंद केलं होतं पण हत्यारं मोडीत काढली नव्हती, आणि परवाना अजून जिवंत होता.

कारागीर मुलीच्या घरामागच्या खोलीत काम करायचा. खोली अरुंद, खिडकीला लागून लांब बाक, बाकावर शिकंजा, भिंतीवर कानशी उंचीप्रमाणे टांगलेल्या, आणि सगळ्यावर तेलाचा वास. माणूस बोलघेवडा. चष्मा कपाळावर ठेवून तो चष्मा शोधत होता. त्याची एक रीत होती: हत्यार आधी स्वतः हातात घ्यायचं नाही. ज्याचं आहे त्याने त्याच्यासमोर ते चालवून दाखवायचं. "अर्ध्या वेळा बिघाड हातात असतो साहेब," तो म्हणाला. "हत्यार उगाच बदनाम होतं."

काकांनी रिकामं रिव्हॉल्व्हर घेतलं, घोडा ओढला. तो सुटला.

"पुन्हा."

काकांनी पुन्हा ओढला. कारागीर घोड्याकडे बघतच नव्हता, काकांच्या अंगठ्याकडे बघत होता. मग त्याने हत्यार घेतलं, बाजूची पट्टी उघडली आणि आतली तुटकी स्प्रिंग चिमट्याने काढून माझ्या तळहातावर ठेवली. नखाएवढी होती. एवढ्याशा वस्तूने आमचं सगळं घोडं अडवून धरलं होतं.

"घडवून देतो," तो म्हणाला. "पोलादाची पट्टी आहे माझ्याकडे. पण काडतुसं आहेत का?"

जुनी संपत आली होती. त्या मापाची बिनगोळीची काडतुसं मिळवायला आणखी एक फेरा झाला, तो सांगत बसत नाही. एका परवानेवाल्या दुकानात नवी, चकचकीत मिळाली. दुकानदाराने लायसन्स उलटसुलट बघून पाकीट पुढे सरकवलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

स्प्रिंग तयार झाली. कारागिराने घरामागच्या मोकळ्या जागेत एक बार काढून दाखवला. असा खणखणीत, की त्याची मुलगी लाटणं घेऊन बाहेर आली. आम्ही तिघं एकमेकांकडे बघून लहान पोरांसारखे हसलो. काकांनी स्वतःही एक काढला. घोडा ओढायला त्यांनी दोन्ही हात लावले, "नवी स्प्रिंग आहे, घट्ट आहे, रुळेल," असं म्हणाले, आणि आवाजाचं एवढं कौतुक चाललं होतं की त्या दोन हातांकडे मी लक्ष दिलं नाही. आम्ही सगळे कान असलेली माणसं. बार चांगला की वाईट हे आम्ही कानांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर सराव होता. सेक्रेटरी आला होता, डबा घेऊनच. काकांनी सावकाश घोडा मागे घेतला, हात वर केला, "सेट" म्हणाले. बार झाला. पोरं सुटली. पाखरं उडाली. मी धावपट्टीच्या कडेला मध्यावर उभी होते. मी अभिमानाने काकूकडे बघितलं.

काकू हलली नव्हती. तिचे डोळे काकांच्या हातावर होते. पोरं निम्म्यावर आली, तिने त्यांच्याकडे बघितलं, गोंधळली, पुन्हा काकांच्या हाताकडे बघितलं. तो हात अजून वर होता आणि त्याच्याभोवती स्वच्छ हवा होती. पोरं तिच्यासमोरून फीत तोडून गेली. बाकीच्यांची बटणं दाबली गेली. काकू घड्याळ धरून तशीच, धुराची वाट बघत.

मी पळत सुटले. मी पोचेपर्यंत तिने सगळं ओळखलं होतं. सेक्रेटरी जवळ येत होता, त्याला ती हसून म्हणाली, "माझं बटण अडकलं रे." तिचं बटण कधीच अडकलेलं नव्हतं. खोटं बोलायची सवय नाही तिला, कानांपर्यंत लाल झाली.

"नव्या काडतुसांना धूर नसतो," कारागीर त्याच संध्याकाळी म्हणाला. त्याने हातातला चिमटा खाली ठेवला. "धूर हा दोष समजतात. डोळ्यांत जातो, नळी काळी करतो. कंपन्यांनी किती वर्षं खपून तो काढून टाकला, आणि तुम्ही तो परत मागायला आलात."

काकांनी मग त्याला काकूचं सगळं सांगितलं. परक्या माणसाला पहिल्यांदाच. कारागिराने ऐकता ऐकता चष्मा काढून पुसला आणि पुन्हा कपाळावर चढवला.

"काळी दारू लागेल," तो शेवटी म्हणाला. "जुनी, धुराची. नाटकवाल्यांना लागते. रंगमंचावर गोळी झाडली की मागच्या रांगेला धूर दिसायला हवा ना. त्यांच्यासाठी भरून देणारा एक परवानेवाला आहे. मी त्याला फोन लावतो, मला तो नाही म्हणणार नाही, त्याच्या बापाची बंदूक मीच सरळ केली होती."

तो नाही म्हणाला नाही. स्पर्धेच्या आठवड्यात डबी आली, खाकी पुठ्ठ्याची. कारागिराने मागच्या अंगणात एक बार काढला आणि पांढरा धूर असा फुगून उभा राहिला की कापूस पिंजल्यासारखा. काकांचे डोळे भरून आले. धुराने असेल, असं ते म्हणाले.

"आता तुम्ही," कारागीर म्हणाला. "एका हाताने. आणि लगेच दुसरा."

दुसरा का, ते काकांना चांगलं माहीत होतं. एखादं पोर बाराआधी सुटलं तर सगळ्यांना परत बोलवायला स्टार्टरला लगेच दुसरा बार काढावा लागतो. त्याला उशीर झाला तर पोरं निम्मी धाव फुकट धावतात आणि पुढच्या वेळी पायात काही उरत नाही. काकांनी अंगठा घोड्यावर ठेवला, ओढला. अंगठा घसरला. पुन्हा ओढला. त्यांचा ओठ दाताखाली गेला. घोडा अर्ध्यावर येऊन परत गेला.

कारागिराने रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं. रिकामं करून. मी घोडा ओढला, सहज आला, कट्‌ करून अडकला.

"स्प्रिंग आणखी मऊ केली तर काडतूस पेटणार नाही," तो काकांना म्हणाला, फार हळू. "हत्याराचं झालं साहेब. अंगठ्याला माझ्याकडे स्प्रिंग नाही."

घरी आल्यावर काकांनी पेटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि काकूच्या समोर बसले, तिला तोंड दिसेल असे.

"माझा अंगठा गेला," ते म्हणाले. "सेक्रेटरीला सांगतो, डबा लाव म्हणून."

काकूने त्यांचा हात ओढून घेतला आणि अंगठ्याचा सांधा दाबून बघितला, नर्ससारखा. "हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "बरणीचं झाकण तुम्ही हल्ली माझ्याकडे का देता, ते मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? बहिरी आहे, आंधळी नाही."

मग ती उठली, सवतीला पेटीतून काढलं, रिकामी असल्याची खात्री केली आणि पुसायला घेतली. हल्ली हे कामही तिच्याकडेच आलं होतं. पुसता पुसता घोड्याच्या मागची घाण काढायला तिने अंगठ्याने तो मागे ओढला. एका हाताने, बोलता बोलता, बघितल्याशिवाय. कट्‌.

काका बघत राहिले. "पुन्हा कर."

"काय?"

"पुन्हा ओढ."

तिने पुन्हा ओढला. तो अंगठा उभा जन्म स्टॉपवॉचचं कडक बटण दाबत आला होता. काकांचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं ते हसतील, पण ते गंभीर होते.

"तू सुरू कर शर्यती," ते म्हणाले. "चूक सुटलेलं पोर डोळ्यांनीच पकडायचं असतं, आणि तुझ्यासारखे डोळे मैदानावर कुणाचे नाहीत. 'सेट' म्हणायला ऐकू यावं लागत नाही."

"आणि माझं घड्याळ?"

"मी धरतो. बोट आहे ना अजून माझं. अंगठाच गेलाय."

काकू चिडली. खरंच चिडली. "तुम्ही हात वर केल्याशिवाय त्या मैदानावरच्या धावण्याला शर्यत म्हणायचं मला माहीत नाही. माझ्यासाठी तुम्ही तुमची जागा सोडणार? मी काय भीक मागितली होती?"

"भीक नाही गं," काका म्हणाले. "तू पाहुण्यांच्या खुर्चीत बसलेली मला बघवणार नाही. मी स्टार्टर नसलो तर चालेल मला. तू मैदानावर नसलीस तर मी तिथे कशाला जाऊ?"

काकूने ते त्यांच्या ओठांवरून नीट वाचलं. शब्दन्‌ शब्द. मग ती त्यांचा तो निकामी अंगठा स्वतःच्या मुठीत धरून बसली. मी गॅसवर काहीतरी आहे असं करून त्यांच्याकडे पाठ केली. गॅसवर काहीही नव्हतं.

सकाळी ती स्वतःच सेक्रेटरीकडे गेली. मी बरोबर होते. तिने आडपडदा ठेवला नाही. "मला ऐकू येत नाही. आज नाही, पुष्कळ दिवसांपासून. त्या दिवशी माझं बटण अडकलं नव्हतं, यांच्या बाराला धूर नव्हता."

सेक्रेटरीचं तोंड उघडंच राहिलं. "काकू, मग इतके दिवस तुम्ही वेळ कशी घेत होता?"

"धूर बघून. तुम्ही सगळे ऐकत होता, तो तुमचा प्रश्न."

तो एकदम हसला, आणि मग त्याच्याने राहवेना म्हणून तिच्या पाया पडला की काय असं मला वाटलं, पण तो खाली वाकून खुर्ची पुढे ओढत होता. लायसन्सच्या कचेरीत तोच आमच्याबरोबर आला, काकूच्या नावाने रीतसर परवानगी निघेपर्यंत तिथून हलला नाही. डब्यावर त्याने स्वतःच्या हाताने कापड टाकलं.

स्पर्धेच्या दिवशी काकूने काकांची टोपी घातली. तिला मोठी होत होती. "कानात कापूस घाल," काका सवयीने म्हणाले. काकूने त्यांच्याकडे असं बघितलं की तेच ओशाळले. मग ती धावपट्टीच्या त्या टोकाला गेली, आणि काका माझा हात धरून तीन पायऱ्या चढले.

वरच्या पायरीवर उभे राहून त्यांनी पलीकडे बघितलं. आयुष्यभर ते त्या टोकाला होते. इथे कधी उभे राहिलेच नव्हते. "केवढं लांब आहे गं हे," ते म्हणाले. "इथून चेहरासुद्धा दिसत नाही."

"हात दिसतो," मी म्हटलं.

त्यांनी घड्याळ दोन्ही हातांत धरलं, बोट बटणावर. पलीकडे टोपीखालची काकू सरळ उभी होती. पोरं वाकली. हात वर गेला. आणि निळ्या आभाळावर पांढरा धूर उमलला, मुकाट्याने. काकांचं बोट दाबलं गेलं. पोरं धावायला लागली होती, पण आवाज अजून आलाच नव्हता. मग तो आला.

काकांनी शाळेत किती पोरांना शिकवलं असेल की आधी दिसतं आणि मागून ऐकू येतं. पण त्यांच्या हातात दोन्ही नेहमी एकदमच झालं होतं. त्यांनी धावणाऱ्या पोरांकडे बघायला हवं होतं. ते काकूकडेच बघत होते.

"आवाज लागतच नाही गं इथे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तो येतो तोवर तिला सगळं कळलेलं असायचं."

पोरं आली. काकांनी बटण वेळेवर दाबलं, आकडा मोठ्याने वाचला. बाकीच्यांपेक्षा थोडा जास्त होता. पोरांनी "आता काकाही कंजूष झाले" म्हणून ओरडा केला. शर्यतीमागून शर्यत होत गेली. एकदा एक पोरगी आधी सुटली, लगेच दुसरा बार आला, ती दोन पावलांत थांबली. काका पायरीवर टाळ्या वाजवायला लागले, आणि शेजारच्या मास्तरांनी त्यांना आठवण करून दिली की वेळ घेणाऱ्याने टाळ्या वाजवायच्या नसतात.

ऊन चढलं तसा सेक्रेटरी छत्री घेऊन आला. "काका, दोघं जण आहेत इथे वेळ घ्यायला. तुम्ही थोडा वेळ सावलीत बसा."

काकांनी मान वळवली नाही. "ती हात वर करते ना," ते म्हणाले, "तेव्हा इथून कुणीतरी तिच्याकडे बघत असायला लागतं."

पुढच्या शर्यतीची पोरं रेषेवर आली होती. सेक्रेटरीने छत्री उघडून त्यांच्या डोक्यावर धरली आणि तोही तिकडेच बघत उभा राहिला.